पदवीचा खर्च आणि पुढची कमाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण फक्त पैशासाठी नसतं, हे मला मनापासून मान्य आहे. पण शिक्षणाचं कर्ज फेडावं लागतं ते पैशातच, आणि ते ओझं अशा वयात खांद्यावर येतं जेव्हा पहिल्या पगाराची स्लिपही हातात आलेली नसते. म्हणून प्रवेश घेण्याआधी एक संध्याकाळ काढून हा हिशेब कागदावर मांडावा, अशी माझी कळकळ आहे. इथली उत्तरं त्यासाठीच आहेत.

चलन प्रत्येकाचं वेगळं, म्हणून खालच्या उदाहरणांत 'एकक' वापरलं आहे. पदवी नसलेला माणूस वर्षाला १० एकक कमावतो असं धरा. बाकीचे आकडे त्या मापाने वाचा आणि जिथे जमेल तिथे तुमचे खरे आकडे घाला.

पदवीचा खर्च म्हणजे कॉलेजची फीच ना?

नाही, आणि बहुतेक घरांतला हिशेब इथेच चुकतो.

चार वर्षांची पदवी, फी वर्षाला ४ एकक. पावत्यांची बेरीज १६. पण त्याच चार वर्षांत नोकरी केली असती तर वर्षाला १० एकक हातात आले असते. शिकताना छोटी-मोठी कामं करून २ मिळवले, तरी दरवर्षी ८ एकक हुकले. चार वर्षांचे ३२. म्हणजे पदवीचा खरा खर्च ४८ एकक, आणि फी त्यातला फक्त तिसरा हिस्सा. हुकलेल्या पगाराची पावती कुणी देत नाही, त्यामुळे तो कुणी मोजतही नाही. फी शून्य असलेली पदवीसुद्धा फुकट नसते, ती याच कारणाने.

राहण्या-खाण्याचा खर्च यात धरायचा का?

शिकत नसतानाही जेवणार आणि कुठेतरी राहणारच होतात, तो खर्च धरू नका. फक्त शिकण्यामुळे वाढलेला भाग धरा: वसतिगृहाचं जादा भाडं, प्रवास, पुस्तकं, लॅपटॉप, परीक्षा शुल्क. शिष्यवृत्ती मिळाली तर ती यातून वजा करा.

मग पुढची जादा कमाई कशी मोजायची?

आपल्या उदाहरणात पदवीधराला वर्षाला १५ एकक मिळतात, पदवी नसलेल्याला १०. फरक ५. नोकरीची ३६ वर्षं धरली तर जादा कमाई १८० एकक. खर्च ४८. जवळजवळ चौपट! जाहिरातींत येणारे 'आयुष्यभरात इतके जास्त कमवा' हे आकडे साधारण अशाच बेरजेतून निघतात.

पण आज खिशातून गेलेला एकक आणि ३५ वर्षांनी मिळणारा एकक एकाच तराजूत घालता येत नाहीत. तेच पैसे दुसरीकडे गुंतवले असते तर महागाई वजा जाता ५ टक्के मिळाले असते असं समजा. त्या दराने ३५ वर्षांनंतरच्या एका एककाची आजची किंमत फक्त ०.१८ उरते. पदवी संपते त्या दिवशीच्या किमतीत सगळं मांडलं, तर १८० ची जादा कमाई ८३ वर येते आणि ४८ चा खर्च ५२ वर जातो. निव्वळ फायदा ३१ एकक. दर ८ टक्के धरला तर कमाई ५९, खर्च ५४, फायदा जेमतेम ५.

हेच वर्षांत सांगायचं तर, व्याज न धरता खर्च वसूल व्हायला पदवीनंतर साधारण १० वर्षं लागतात. ५ टक्के दराने १५ आणि ८ टक्के दराने २६. पदवी तीच, कॉलेज तेच, पगारही तोच. फक्त पैशाचा भाव बदलला. म्हणून 'दर कोणता धरू?' असं विचाराल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: पैसे स्वतःचे असतील तर सुरक्षित गुंतवणुकीचा, उसने असतील तर कर्जाचा. दोन्हीतून महागाई वजा करा, आणि दोन्ही पगार कर कापून हातात येणारे धरा.

आम्ही फी कमी असलेलं कॉलेज शोधतोय. बरोबर करतोय ना?

शोधा, पण फक्त फीवर नजर ठेवू नका. ५ टक्के दराचंच उदाहरण घेऊन मी तीन गोष्टी एकेक करून बदलून पाहिल्या.

फी दुप्पट केली, म्हणजे ४ ची ८. फायदा ३१ वरून १४ वर आला. मग फी पुन्हा ४ केली आणि पदवीधराचा पगार १५ ऐवजी १४ धरला. फायदा पुन्हा १४ च्या आसपास. तिसऱ्यांदा फी आणि पगार दोन्ही मूळचे ठेवले आणि चार वर्षांची पदवी पाच वर्षांत पुरी झाली असं धरलं. फायदा १५!

एक वाया गेलेलं वर्ष म्हणजे दुप्पट फी. मला हे पहिल्यांदा कागदावर दिसलं तेव्हा मी आकडेमोड पुन्हा तपासली होती. कारण उघड आहे: त्या वर्षाची फी जाते, त्या वर्षाचा पगार जातो आणि कमाईचं एक वर्ष कमी होतं. तरीही आई-वडील फीसाठी दहा कॉलेजांचे उंबरे झिजवतात, आणि 'इथली किती मुलं वेळेत पास होतात?' हे एकाही ठिकाणी विचारत नाहीत. तो प्रश्न कृपा करून विचारा.

हुशार, मेहनती मुलं पदवीशिवायही जास्त कमावतीलच. मग श्रेय पदवीला कसं?

शंका अगदी रास्त आहे. अर्थतज्ज्ञांनी यावर कित्येक वर्षं घालवली आहेत.

सगळ्यात सुंदर प्रयत्न जुळ्यांचा. ऑर्ली ॲशनफेल्टर आणि ॲलन क्रूगर यांनी अमेरिकेतल्या ट्विन्सबर्ग गावी भरणाऱ्या जुळ्यांच्या मेळ्यात जाऊन एकसारख्या जुळ्यांची माहिती गोळा केली. घर एक, आई-वडील एक, जनुकंही तीच. फरक फक्त कोण किती वर्षं शिकलं याचा. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे मजुरी १२ ते १६ टक्क्यांनी जास्त निघाली. पुढे १९९८ मध्ये ॲशनफेल्टर आणि सिसिलिया राउझ यांनी मोठा नमुना घेतला तेव्हा तो आकडा ९ टक्क्यांच्या आसपास उतरला. जॉर्ज साकारोपुलोस आणि हॅरी पॅट्रिनोस यांनी २०१८ मध्ये १३९ देशांतले अभ्यास एकत्र केले. तिथेही जगाची सरासरी दर वर्षामागे ९ टक्केच.

म्हणजे सगळं श्रेय जन्मजात हुशारीचं नाही, शिक्षणाचा स्वतःचा वाटा आहे. पण ही लाखो माणसांची सरासरी आहे. तुमच्या मुलीचा किंवा मुलाचा आकडा तिच्या वर असेल, खाली असेल किंवा शून्याखालीही जाईल.

पदवीतून खरंच काही येतं, की नुसता शिक्का मिळतो?

दोन्ही. शिक्षणावरचा खर्च हा यंत्रावरच्या गुंतवणुकीसारखा आहे, हा विचार ॲडम स्मिथने १७७६ मध्येच मांडला होता. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये त्याला पक्की चौकट दिली: शिकलेला माणूस जास्त काम काढतो, म्हणून जास्त मिळवतो. मग १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स यांनी वेगळीच बाजू दाखवली. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत दिसत नाही. पदवी त्याला एवढंच सांगते की या माणसाने चिकाटीने काहीतरी पार पाडलं. बेकर यांना १९९२ मध्ये आणि स्पेन्स यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं.

तुमच्या हिशेबात शिक्क्याची बाजू एका ठिकाणी फार महत्त्वाची ठरते. शिक्का शेवटी मिळतो. शिकण्याच्या प्रत्येक वर्षाला पगार सारखा वाढत नाही, पदवी हातात पडते त्या वर्षी तो एकदम उडी घेतो. चारपैकी तीन वर्षं शिकलेल्याला पगारवाढीचा पाऊण हिस्सा मिळेल, असं समजू नका.

म्हणजे पदवी अर्धवट सुटली तर काय होतं?

पैशाच्या बाजूने पाहिलं तर या सगळ्यातला मोठा धोका हाच आहे, आणि त्याबद्दल बोललं जातं सगळ्यात कमी.

दोन वर्षांनी कॉलेज सोडलं तर २४ एकक गेलेले असतात. व्याजासह, इतरांची पदवी संपते त्या दिवशीच्या किमतीत, २७. जादा पगार जवळपास नाही. आता शक्यता मिसळून पाहा. पदवी नक्की पूर्ण होणार असेल तर फायदा ३१. पूर्ण होण्याची शक्यता १०० पैकी ७० असेल तर अपेक्षित फायदा १४. पन्नास असेल तर जेमतेम २.

कर्ज बुडण्याच्या गोष्टी ऐकल्या की लोक भरमसाट फीच्या पदव्यांकडे बोट दाखवतात. पण अडचणीत सापडण्याचा धोका पदवी अर्धवट सोडलेल्यांना जास्त असतो. मोठं कर्ज घेऊन डॉक्टर झालेल्याला फेडायला पगार तरी असतो, अर्ध्यातून बाहेर पडलेल्याकडे लहान कर्ज असतं पण फेडायला वाढलेला पगार नसतो.

म्हणून प्रवेशाआधी स्वतःला खरं उत्तर द्या. हा विषय मला झेपतो का? घरची जबाबदारी, आजारपण, पैशाची ओढाताण यांनी मध्येच सोडावं लागेल का? तसं भय असेल तर पदवीचा विचार सोडूनच दिला पाहिजे असं नाही. आधी वर्ष-दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम करून पुढे पदवीच्या वरच्या वर्षात जाता येतं का ते पाहा. मध्ये थांबावं लागलं तरी हातात काहीतरी पुरं झालेलं राहतं.

नामांकित कॉलेज महत्त्वाचं की विषय?

बहुतेक वेळा विषय. नॉर्वेमध्ये गुण आणि पसंतीक्रमावरून जागा मिळते. तिथे एका गुणाने जागा मिळालेल्या आणि हुकलेल्या मुलांची तुलना करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विषयानुसार कमाईतली तफावत मोठी दिसली, कॉलेजानुसार त्यामानाने थोडी.

अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या मुलांना नामांकित कॉलेजांत प्रवेश मिळत होता पण ती साध्या कॉलेजांत गेली, त्यांची पुढची कमाई नामांकित ठिकाणी गेलेल्या तशाच मुलांइतकी होती. मात्र याला एक अपवाद निघाला, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो: कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना नामांकित कॉलेजाचा स्पष्ट फायदा झाला. ज्यांच्या घरी ओळखीपाळखी आहेत त्यांना कॉलेज नव्याने फारसं देत नाही. ज्यांच्या घरी नाहीत त्यांना देतं. तुमच्या घरातली ही पहिली पदवी असेल आणि चांगल्या ठिकाणी शिष्यवृत्तीसह जागा मिळत असेल, तर दडपून जाऊन ती सोडू नका.

कॉलेज सांगतं तो 'सरासरी पगार' खरा मानायचा का?

आधी विचारा, सरासरी कुणाची? वर्गात १०० मुलं, नोकरी लागलेली ६० आणि सरासरी त्या ६० चीच, असं सर्रास चालतं. उरलेल्या ४० जणांचा पगार त्या दिवशी शून्य आहे.

दुसरं, सरासरीऐवजी मधल्या मुलाचा पगार मागा. दहा जणांत नऊ जणांना १० एकक आणि एकाला ११० मिळाले, तर सरासरी २० निघते. वीस एकक पगाराचा माणूस त्या वर्गात एकही नाही. आणि पॅकेजचा आकडा व हातात येणारा पगार यांतला फरकही विचारून घ्या. माझं मत असं की स्वतःचा हिशेब वर्गातल्या मधल्याच्याही थोडा खाली धरून करावा. तिथेही पदवी परवडत असेल तर निश्चिंत मनाने जा.

ज्या विषयात पगार जास्त तो घ्यावा, की आवडीचा?

'आवड जपा' किंवा 'पैसा बघा' एवढ्यावर हा प्रश्न मिटवणारा सल्ला ऐकून मुलांचं नुकसान झालेलं मी पाहिलं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पहिला पगार सगळी गोष्ट सांगत नाही. डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे यांच्या २०२० च्या अभ्यासात तंत्रज्ञानाशी जोडलेल्या विषयांच्या पदवीधरांची सुरुवातीची आघाडी मोठी दिसली, पण नोकरीच्या पहिल्या दशकात ती झपाट्याने कमी होत गेली. त्या क्षेत्रांतली कौशल्यं लवकर जुनी होतात, नव्या मुलांना नवी येत असतात. हे विषय तरीही चांगलं देतात. पण पहिल्या वर्षाचा फरक पुढची ३६ वर्षं तसाच राहील असं धरून हिशेब केला तर तो फुगतो.

आवडीचं म्हणाल तर तिला पैशातही किंमत आहे, कारण नावडता विषय अर्धवट सुटण्याची शक्यता जास्त. वर पाहिलंच की पूर्ण होण्याची शक्यता ७० वरून ५० वर आली तर १४ चे २ होतात. जास्त पगाराचा विषय जर रेटून, रडत आणि एक-दोन वर्षं मागे पडून होणार असेल, तर त्याच्या पगाराची आघाडी तिथेच खर्च होते. आणि आवडीच्या विषयात कमाई कमी असेल तर तो सोडा असं मी म्हणणार नाही. कर्ज त्या कमाईला झेपेल एवढंच घ्या, म्हणजे पुढे आवडीचं काम हप्त्यासाठी सोडावं लागत नाही.

कर्ज किती घ्यावं?

चारही वर्षांची फी, वर्षाला ४ एकक, ८ टक्के व्याजाने घेतली असं धरा. शिकत असताना हप्ता नाही, पण व्याज चढत राहतं. पदवी संपते तेव्हा १६ चे साडेएकोणीस झालेले असतात. १० वर्षांत फेडलं तर हप्ता वर्षाला २.९, एकूण २९. मुदत २० वर्षं केली तर हप्ता २ वर येतो, पण एकूण फेड जवळपास ४०. घेतलेल्या मुद्दलाच्या अडीचपट.

बँकेत हप्त्याची तुलना पूर्ण पगाराशी करतात. १५ मध्ये २.९ म्हणजे पाचवा हिस्सा, ठीक वाटतं. मी म्हणते, तुलना पदवीमुळे वाढलेल्या पगाराशी करा. वाढले ५, त्यातले २.९ हप्त्यात गेले. दहा वर्षं पदवीच्या फायद्यातला निम्म्याहून जास्त भाग कर्जच खातंय. वाढलेल्या पगाराच्या निम्म्यापेक्षा हप्ता जास्त होत असेल तर कर्ज कमी करण्याचा मार्ग शोधा, आणि शिकत असताना नुसतं व्याज भरणं जमत असेल तर जरूर भरा.

उत्पन्नानुसार फेडायचं कर्ज चांगलं का?

मिळत असेल तर बहुतेकांसाठी हो. कल्पना मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये मांडली आणि ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून देशभर अमलात आणली: ठरावीक उत्पन्नाच्या वर गेलात की करासोबत फेड कापली जाते, खाली असाल तर नाही. नोकरी गेली तर हप्ताही थांबतो. अटींमध्ये उत्पन्नाची मर्यादा, कापला जाणारा टक्का आणि थकबाकी कधी माफ होते की होतच नाही, हे तीन मुद्दे वाचा.

सध्या मंदी आहे. या वर्षी पदवी संपतेय, काय करू?

कॅनडातल्या पदवीधरांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मंदीत बाहेर पडलेल्यांची सुरुवातीची कमाई साधारण ९ टक्क्यांनी कमी होती. पाच वर्षांत ती तूट निम्मी झाली आणि दहा वर्षांत भरून निघाली. ज्यांनी पुढे नोकऱ्या बदलत चांगल्या कंपन्या गाठल्या त्यांची लवकर भरली. मिळेल ती पहिली नोकरी घ्या, पण तिथे रुजून बसू नका.

मुलीच्या शिक्षणावर एवढा खर्च वसूल होतो का?

होतो. वर उल्लेखलेल्या २०१८ च्या अभ्यासात स्त्रियांना शिक्षणाचा परतावा पुरुषांपेक्षा जास्तच निघाला. खर्च वसूल व्हायला दहा-पंधरा वर्षं कमाई लागते, म्हणून तिची नोकरी मध्ये सुटणार नाही यासाठी घराने हातभार लावावा. शंका घ्यायची तर तिच्या शिक्षणावर नको, त्या हातभारावर घ्या.

वय चाळीस. आता पदवी घेतली तर?

नोकरी सोडून घेतली तर बहुधा परवडत नाही. हुकणारा पगार आता मोठा असतो आणि कमाईची वर्षं वीसच उरतात. नोकरी सांभाळून, संध्याकाळी किंवा दूरशिक्षणाने घेतली तर खर्च जवळपास फीपुरताच राहतो आणि चित्र एकदम पालटतं. फक्त आधी वरिष्ठांना विचारून घ्या: या पदवीने माझी श्रेणी किंवा पगार नक्की किती वाढेल? उत्तर लेखी मिळालं तर उत्तमच.

दोन वर्षं झाली आहेत, मन लागत नाही. सोडू का?

आधी एक गोष्ट मनातून काढा: झालेला खर्च. ते २४ एकक राहिलात तरी परत येणार नाहीत आणि सोडलंत तरी नाहीत. आता हिशेब फक्त पुढचा. आणखी दोन वर्षांचा खर्च साधारण २५, समोर पदवीची जादा कमाई ८३. प्रवेश घेताना जो फायदा ३१ होता, तो आज ५८ आहे. खर्च निम्मा झाला, बक्षीस तेवढंच राहिलं. पूर्ण होण्याची शक्यता १०० पैकी ३० च्या वर असेल तरी आकडे 'सोडू नका' असंच सांगतात.

पण मन लागत नाही म्हणजे काय, हे कुणीतरी तुमच्याजवळ बसून ऐकायला हवं. विषय नकोसा झाला असेल तर त्याच कॉलेजात शाखा बदलता येते का आणि झालेल्या विषयांचे किती गुण धरले जातात, हे कार्यालयात विचारा. प्रकृती किंवा घरची अडचण असेल तर एक सत्र अधिकृत सुट्टी मागा, न सांगता जाणं बंद करू नका. नाव काढूनच टाकायचं ठरलं, तर दोन वर्षांच्या अभ्यासावर प्रमाणपत्र किंवा पदविका मिळते का ते पाहा, सगळ्या गुणपत्रिका शिक्क्यासह ताब्यात घ्या आणि परत यायची मुदत किती आहे ते लेखी घ्या. पाच वर्षांनी परत यावंसं वाटलं तर याच कागदांवर तुम्हाला पहिल्याऐवजी तिसऱ्या वर्षात बसता येईल.